उजवा गाल

श्रीरामची नोकरी मार्चमध्ये गेली. चँडलरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत तो बावीस वर्षं होता. सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर पासवर्ड चालेना. दुपारी मॅनेजरचा फोन आला आणि चहा निवायच्या आत सगळं आटपलं. त्या आठवड्यातच त्यानं मुलीच्या लग्नाचा नोव्हेंबरचा हॉल कॅन्सल केला आणि जूनचा घेतला. ॲरिझोनात जूनमध्ये शहाणा माणूस लग्न करत नाही. हॉलवाले निम्म्या भावात देतात, वर गाड्या लावायचे पैसे मागत नाहीत.

"ऊन काय, हॉलमध्ये एसी असतोच," तो म्हणाला आणि नखं खात बसला.

त्याची बायको विनीता. तिची थोरली बहीण नीलांबरी याच घरात राहायची. नीलांबरीचा नवरा टूसॉनच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, तेव्हा ती दोन बॅगा घेऊन इथं आली होती. अनया त्या वेळी तीन वर्षांची. विनीता ऑफिसला जायची आणि अनया मावशीजवळ वाढली. तिची वेणी, तिचा डबा, तिचा ताप, सगळं मावशीनं केलं. पोर सहा वर्षांची असताना दिवाळीच्या चकल्या तळणं चालू होतं, आणि ती स्वयंपाकघरात सायकल घेऊन घुसली. चाक ओट्यावर आपटलं, वायर ओढली गेली, विजेच्या शेगडीसकट कढई कलंडली. नीलांबरी पोरीवर पालथी झाली. पोरीला शिंतोडाही लागला नाही. नीलांबरीचा उजवा गाल कानापासून मानेपर्यंत गेला. दवाखान्यात आणि पुढे ओळखीपाळखीत सगळ्यांना एकच सांगितलं गेलं, ताईचा हात घसरला. नीलांबरीनंही तेच सांगितलं. पुढं कित्येक वर्षं अनया झोपताना त्या गालावर हात ठेवूनच झोपायची.

आता अनया विमानानं पाच तासांवर, अ‍ॅशबर्नला नोकरी करत होती आणि तिथल्याच नकुलशी तिचं लग्न ठरलं होतं.

केटरिंगचं देवळाच्या ओळखीतून जमलं, मेंदीवाली मैत्रिणीची मैत्रीण निघाली. अडलं ते फोटोग्राफरपाशी. विनीतानं तीन-चार जणांना विचारलं आणि आकडे ऐकून फोन टेबलावर पालथा घातला.

"हॉलइतकेच पैसे मागतात गं. आणि मला नाही जमत घासाघीस. सगळे ऑफिसमधल्या लोकांच्या ओळखीतले असतात. उद्या बोलतील, यांची नोकरी गेली म्हणून भाव पाडतायत." ती नीलांबरीकडं वळली. "ताई, तू कर ना हे. तुला कोण ओळखतंय? तुझं काय जातंय?"

"करते," नीलांबरी म्हणाली.

श्रीरामच्या कानावर जायला नको म्हणून ती गॅरेजमध्ये जाऊन वॉशिंग मशीनला टेकून फोन लावायची. एप्रिलातच गॅरेज तापलेलं असायचं. पत्र्याचं दार हात लावू द्यायचं नाही. ती इंग्रजी मनात जुळवून घ्यायची, मग बोलायची. एक गोरी बाई गोड आवाजात म्हणाली, या पैशात मी कॅमेरा घराबाहेर काढत नाही. एका आपल्याच माणसानं फोन हातात धरून बाजूच्याला हिंदीत सांगितलं की बघ, भाजीवालीसारखी भाव करतेय. ते तिला स्पष्ट ऐकू आलं. तो परत फोनवर आल्यावर तिनं थँक यू म्हटलं आणि यादीतलं नाव खोडलं. एकानं फुकटात करतो म्हणून सांगितलं, त्याचे फोटो बघितले तर नवरीचं डोकं कापलेलं.

रविवारी ती देवळाच्या स्वयंपाकघरात तळणाला जायची. मे महिन्यात तिथं कुणाची तरी मुंज होती. फोटो काढणारा मुलगा पाणी प्यायला आत आला. यशोधन. नागपूरचा, आठवडाभर बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि ग्रीन कार्ड आल्यापासून शनिवार-रविवार कॅमेरा. तो तिच्याशी बोलताना सरळ तिच्या तोंडाकडं बघून बोलला. बहुतेक लोकांची नजर तिच्या गालावर पडून घसरायची आणि मग भिंतीवर कुठंतरी जाऊन बसायची. याची घसरली नाही. तिनं पुरीचा झारा बाजूला ठेवला आणि विचारलं,

"बघू काय काढलंस ते?"

त्यानं कॅमेऱ्याच्या मागचा पडदा दाखवला. मुंजीच्या मुलाची आजी बोळक्या तोंडानं हसत होती, घामानं तिचं कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं. बघता बघता नीलांबरीलाच हसू आलं.

"लग्नाचे किती घेतोस?"

त्यानं आकडा सांगितला. तिनं निम्मा सांगितला. तो हसला. "मावशी, एवढ्यात तर माझा असिस्टंट पण येत नाही."

"मग त्याला आणू नकोस. दोन दिवस जेव पोटभर. मी करणार आहे स्वयंपाक, केटररचं नाही खायला लागायचं. आणि तुझ्या आईकडचा कुठला मसाला हवा असेल तर कुटून देते."

तो विचारात पडला. जूनमध्ये त्याला तसंही काम नव्हतं. "ठीक आहे. पण मग तोंडावर उजेड पाडायचा रिफ्लेक्टर धरायला तुमच्याकडचं कुणीतरी लागेल. पूर्ण वेळ. फोन बघत उभं राहणारं नको."

"देते."

घरी सांगितल्यावर श्रीरामनं पहिल्यांदाच महिन्याभरात पोटभर जेवण केलं. "ताईंनी काम केलं बघा," तो म्हणाला. विनीतानं त्या रात्री यशोधनचे फोटो परत परत बघितले. "चांगला आहे गं," ती म्हणाली, जरा आश्चर्यानंच.

पुढचे तीन आठवडे नीलांबरीचे हात कामातून निघाले नाहीत. बेसनाचे लाडू, अनारसे, रुखवतातले साखरेचे नारळ. दुपारी बाहेर एकशे दहा फॅरनहाइटच्या वर पारा जायचा, रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. विजेचं बिल वाचवायला श्रीराम एसी ब्याऐंशीवर ठेवायचा आणि दर तासाला उठून तो आकडा तपासायचा. बेसन भाजताना तिचं सगळं अंग घामानं निथळायचं, फक्त जळका गाल कोरडा राहायचा. त्या कातडीला घाम येत नसे. ती ताणून धरल्यासारखी व्हायची आणि आत मुंग्या आल्यासारखं चुरचुरायचं. ती मधूनमधून खोबरेलाचं बोट फिरवायची आणि परत कालथा धरायची.

लग्नाच्या आधीच्या शनिवारी यशोधन घर बघायला आला. देव्हारा कुठं, हळद कुठं लागणार, सकाळचा उजेड कुठून येतो हे त्यानं विचारून घेतलं. नीलांबरी कढया घासत होती. विनीता त्याला घेऊन बाहेरच्या खोलीत बसली. नळ बंद केल्यावर तिकडचं ऐकू यायला लागलं.

"एक सांगू का, वाईट वाटून घेऊ नकोस," विनीता हळू आवाजात म्हणत होती. "नकुलकडचे लोक आमच्यासाठी नवीनच आहेत. त्यांचे सगळे नातेवाईक फोटो बघणार. तर स्टेजवर ताई... तुला कळलं ना मला काय म्हणायचंय. ती फार चांगली आहे. तिच्याशिवाय या घराचं पान हलत नाही."

"हो, कळलं."

"ते तुझं चमकतं कापड धरायला तिलाच घे. म्हणजे ती आपोआप मागे राहील. तिलाही अवघडल्यासारखं व्हायचं नाही."

"चालेल," यशोधन म्हणाला. "त्या आहेत पण दणकट."

नीलांबरीनं नळ परत सोडला. कढई घासून झाली होती तरी ती घासत राहिली.

जाताना त्यानं तिला परसात नेऊन रिफ्लेक्टर कसा धरायचा ते शिकवलं. पिशवीतून काढला की तो हातातून उसळी मारून उघडायचा, पोळपाटाच्या चौपट मोठा, एका अंगानं चंदेरी. मिटताना पीळ द्यावा लागायचा. दोनदा तो तिच्या हातातून सुटून तोंडावर आपटला. तिसऱ्यांदा जमलं.

"ऊन कुठं पडतंय ते बघू नका," तो म्हणाला. "ज्याचा फोटो काढतोय त्याच्या तोंडाकडं बघा. तिथं उजेड आला की हात हलवायचा नाही."

लग्नाच्या दिवशी ऊन वाढायच्या आत बाहेरचे फोटो काढायचे म्हणून सगळे सकाळी सातला हॉलच्या हिरवळीवर जमले. ऊन तेव्हाच टोचत होतं. अनया हिरव्या शालूत आली तेव्हा नीलांबरीचा हात आपसूक कानशिलाकडं गेला, बोटं मोडायला. पण हातात रिफ्लेक्टर होता.

"मावशी, खाली. अजून खाली. थोडं तिरकं. हां, धरा."

तिनं धरला. चांदीवरून उसळलेला उजेड अनयाच्या तोंडावर मऊ होऊन पडत होता. जराशी हनुवटी हलली की नीलांबरीनं मनगट हलवायचं. तेवढ्यात कापड तिरपं झालं तर सगळी आग तिच्याच तोंडावर यायची. गाल आधी चुरचुरला, मग आतून ठोके पडायला लागले. खांदे भरून आले. एकेक जोडी यायची, उजेडात उभी राहायची, हसायची, सावलीत जायची. आई-वडील आले, व्याही आले, नकुलचे मित्र गॉगल लावून आले. नीलांबरी एकाच जागी उभी. हिरवळीवर फवारे सुरू झाले आणि तिची नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजली. ते थंड लागलं, तेवढंच.

नकुलकडच्या एका काकूंनी तिला विचारलं, "एक्सक्यूज मी, रेस्टरूम किधर है?" तिनं मराठीत सांगितलं. काकू जरा चकित होऊन गेल्या आणि तिकडून कुणाला तरी म्हणाल्या, "त्या फोटोवाल्या बाईंना पाणी तरी द्या रे, किती वेळ उभ्या आहेत." एका पोरानं बाटली आणून दिली. तिचे दोन्ही हात अडकलेले. त्यानं बाटली तिच्या पायाशी ठेवली आणि तो गेला. बाटली तिथंच तापत राहिली.

मंगलाष्टकांना सगळे आत आले. हॉलमध्ये दिवे पिवळे होते, यशोधनला ते नको होते. त्यानं स्टँडवर फ्लॅश लावला आणि नीलांबरीला अंतरपाटाच्या बाजूला, खांबाला टेकवून उभं केलं. अक्षता वाटणाऱ्या मुलीनं तिच्या मुठीतही चिमूटभर तांदूळ कोंबले. तिनं ते तळहात आणि रिफ्लेक्टरच्या कडेमध्ये दाबून धरले.

"आता अजिबात हलू नका, मावशी. अंतरपाट खाली येईल तो एकच क्षण आहे."

ती हलली नाही. भटजींनी सावधान म्हटलं. अंतरपाट खाली आला. अनयानं वर बघितलं, आणि तिच्या तोंडावर जो उजेड पडला तो नीलांबरीनं धरलेला होता. सगळीकडून तांदूळ उडाले. ज्या पोरीला तिनं न्हाऊ-माखू घातलं तिच्यावर तिला चार दाणे टाकता आले नाहीत. नंतर मूठ उघडली तेव्हा अक्षता घामानं तळहाताला चिकटल्या होत्या, कुंकू निघून हात लाल झाला होता. तिनं हात पदराला पुसला.

जेवणाआधी स्टेजवर घरच्यांचा फोटो ठरला. श्रीराम, विनीता, नकुलचे आई-वडील, सगळे उभे राहिले. अनयानं इकडंतिकडं बघितलं.

"मावशी कुठंय? शी इज नॉट इन एनी ऑफ दीज."

"तिचं काम चाललंय ना गं," विनीता म्हणाली. "नंतर काढू तिच्याबरोबर."

"मॉम, स्टॉप इट. मावशी, ये ना. तू नाहीस तर मी काढणारच नाही."

नकुलच्या एका मित्रानं पुढं होऊन रिफ्लेक्टर घेतला. नीलांबरी पदर सावरत वर गेली आणि टोकाला उभी राहायला लागली, पण अनयानं तिला हाताला धरून आपल्याजवळ ओढलं आणि गाल गालाला लावला. तिच्या जळक्या गालाला. तिथं तिला स्पर्श फार कळत नसे, पण पोरीच्या तोंडावरच्या पावडरचा वास आला आणि दागिन्यांची गार कड लागली. सकाळपासून पहिल्यांदा तिचे हात मोकळे होते. ते कुठं ठेवावे तिला कळेना.

यशोधननं कॅमेऱ्यातून मान वर काढून विनीताकडं बघितलं. विनीतानं काही खूण केली नाही. त्यानं फोटो काढला.

त्या रात्री नीलांबरीच्या गालावर बारीक पुरळ उठलं. चार दिवस तिला तो गाल उशीला टेकवता आला नाही. पण मनात तो फोटो होता. यशोधन तो कधी पाठवतो याची ती वाट बघत राहिली. अनया अ‍ॅशबर्नला गेल्यावर घर रिकामं झालं, श्रीराम इंटरव्ह्यू देत होता आणि हरत होता, विनीता चिडचिडी झाली होती. नीलांबरी भांडी विसळता विसळता तेवढंच आठवायची की पोरीनं सगळ्यांसमोर ओढून घेतलं.

ऑगस्टमध्ये नकुल आणि अनया नकुलच्या आई-वडिलांना घेऊन आले. त्याच आठवड्यात यशोधनचे फोटो आले. नकुलनं ते टीव्हीला लावले. नीलांबरी पुऱ्या तळत होती. गरम पुऱ्यांचं ताट घेऊन ती बाहेर आली की दोन-चार फोटो बघायची आणि परत आत जायची. फोटो सुंदर होते. उन्हातले फोटो तर असे की बघणाऱ्याला त्यातलं ऊन लागू नये.

"एवढ्या पैशात असा माणूस कुठून मिळाला हो तुम्हाला?" हिमानीताईंनी विचारलं. हिमानीताई म्हणजे नकुलची आई.

"नशीब," विनीता म्हणाली.

मग घरच्यांचा तो फोटो आला. नीलांबरी ताट घेऊन दारातच थांबली.

"या कोण?" हिमानीताई म्हणाल्या. "इकडच्या कुणी आहेत का?"

फोटोत अनयाच्या गालाला गाल लावून एक बाई उभी होती. दोन्ही गाल भरलेले, गुळगुळीत. नऊवारी नीलांबरीची होती.

"इट्स मावशी," अनया म्हणाली. ती उठून नीलांबरीजवळ आली. "मी यशोधनला सांगून फिक्स करून घेतलं. तुला सरप्राइज द्यायचं होतं. धिस इज माय गिफ्ट, मावशी." तिचे डोळे भरले होते. "मला कधीचं... आय नेव्हर सेड एनीथिंग, बट आय रिमेंबर. सायकलचं. रोज आठवतं. आता बघ ना. आता ते नाहीच आहे."

तिनं नीलांबरीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. हातातलं ताट कलायला लागलं, ते विनीतानं पटकन घेतलं. नीलांबरीनं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. जड काहीतरी पोरीनं अठरा वर्षं उचललं होतं आणि आज ते खाली ठेवलं होतं, हे तिला कळत होतं. ते कुणाच्या अंगावर ठेवलं हे पोरीला कळणार नव्हतं, आणि सांगून उपयोग नव्हता.

"आवडलं ना?" अनयानं मान वर करून विचारलं.

"छान दिसते बाई," नीलांबरी म्हणाली.

सगळे हसले, सुटल्यासारखे. हिमानीताई म्हणाल्या, "किती देखण्या होतात हो तुम्ही." विनीतानं डोळे पुसले आणि सांगितलं की हाच फोटो मोठा करून या भिंतीवर लावायचा, एक तुमच्याकडंही पाठवते.

श्रीराम चष्मा लावून टीव्हीजवळ गेला. "पण तीळ दोन झालेत," तो म्हणाला.

नकुलनं फोटो मोठा केला. नीलांबरीच्या डोळ्याखाली एक तीळ होता. फोटोत तो दोन्ही डोळ्यांखाली होता, अगदी समोरासमोर.

"अरे, हे विचित्र दिसतंय," विनीता म्हणाली. "छापायच्या आधी नीट करून घ्यायला हवं. ताई, तू कर त्याला फोन. तुझं ऐकतो तो. आम्ही सांगितलं तर पैसे लावेल."

नीलांबरी आत गेली. तेल तापून धुरकटलं होतं, तिनं आच कमी केली. हाताची कणीक पुसून फोन लावला. पलीकडं बँड वाजत होता, यशोधन कुठल्याशा लग्नात होता.

"बोला मावशी. आवडला फोटो?"

"दोन तीळ झालेत म्हणतायत."

"अरे हो. एक गाल उलटा करून दुसरीकडं लावला ना, तो राहून गेला. आत्ता फोनवरच करून टाकतो. एक काढतो." बँडच्या आवाजात तो ओरडून बोलत होता. "खरा कुठला आहे तुमचा? डावा की उजवा? माझ्या लक्षात नाही."

बाहेर सगळे पुढच्या फोटोकडं गेले होते. श्रीराम कशावर तरी मोठ्यानं हसला. नोकरी गेल्यापासून तो इतक्या मोठ्यानं हसला नव्हता.

"ज्याला काम कमी पडेल तो ठेव," नीलांबरी म्हणाली.

"काम काय, दोन्ही सारखंच."

"मग दोन्ही काढ."

"बरं. पाच मिनिटांत पाठवतो."

तिनं फोन ठेवला आणि उरलेल्या पुऱ्या लाटायला घेतल्या. शेवटचा घाणा निघेपर्यंत बाहेर नकुलचा फोन वाजला, आणि मग सगळ्यांचा आवाज आला, हां, आता बरोबर, आता कसं नीट दिसतंय. तिनं पुऱ्या ताटलीत काढल्या आणि बाहेर नेल्या. हिमानीताईंनी टीव्हीवरची नजर न काढता ताट पुढं केलं. तिनं दोन वाढल्या.